भूगोल घ्या, क्रॉप सायन्स घ्या, डॉक्टर तेवढं होऊ नका



संपादकांनी या अंकासाठी कविता मागितली होती. देत नाही. कविता आपल्याकडं पोत्यानं पडल्यात. सूर्य, आग, मशाल, गावकूस, सगळं लिहून झालंय. मीही त्यातलाच. आज एका फॉर्मवर लिहितो. अकरावीच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर. ज्याला हा विषय बारका वाटत असेल त्यानं पान उलटून पुढची कविता वाचावी. पण आधी सांगून ठेवतो, आपल्या पोरांचं डॉक्टर होणं न होणं त्या फॉर्मवरच्या पाच-सहा ओळींत ठरतं. आणि त्या ओळी भरताना आपल्यातला एकही कार्यकर्ता तिथं हजर नसतो.

२०२५ चा जून. शेवगाव. त्या वर्षीपासून अख्ख्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, त्यामुळं एस.टी. स्टँडजवळच्या नेट कॅफेत आईबापांची ही गर्दी. मीही भाचीला घेऊन उभा. पोरगी मराठी शाळेतली, दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के. आक्का आणि दाजी दरसाल दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जातात ते पाडव्याच्या आसपास माघारी येतात. पोरगी म्हातारीजवळ राहून शिकली. तिला डॉक्टर व्हायचंय. का व्हायचंय हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आमच्यात असले प्रश्न विचारायची पद्धत नाही.

सायन्सला नंबर लागला. विषय नक्की करायला आम्ही कॉलेजात गेलो. कॉलेजाचं नाव घेत नाही, कारण हा माणूस प्रत्येक कॉलेजात असतो. टेबलामागं बसलेल्या सरांनी मार्कशीट बघितली, मग दाखला बघितला, मग पोरीकडं बघितलं. म्हणाले, "मराठी मीडियम ना? सायन्स झेपंल का? आर्ट्सला टाका. एम.पी.एस.सी. करता येती."

मी म्हणालो, "सर, तिला मेडिकलला जायचंय."

"बरं. मग असं करा, गणित सोडा. भूगोल घ्या. मार्क पडत्यात. नाहीतर क्रॉप सायन्स घ्या. तुम्ही शेतातलेच की."

शेतातलेच! आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर सातबारा नाही. आम्ही शेतात असतो ते दुसऱ्याच्या. ऊस तोडतो तोही दुसऱ्याचा. आणि हा म्हणतो शेतातलेच. पण खरं सांगू का, त्या माणसाच्या तोंडावर द्वेष नव्हता. चहा पाजला त्यानं. पोरीच्या भल्यासाठी बोलतोय अशीच त्याची समजूत होती. माझं टाळकं सणकलं ते यामुळंच. शिवी दिली असती तर आपल्याला उत्तर पाठ आहे. सल्ल्याला उत्तर आपण पाठ केलेलं नाही.

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घ्यायचं होतं. शिकवणाऱ्यानं अस्पृश्याला संस्कृत शिकवणार नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावाचंही तेच झालं होतं. मग पर्शियन घ्यावी लागली. पुढं संस्कृत त्यांनी आपल्या हिकमतीवर मिळवलं, ती गोष्ट वेगळी. मला सांगायचं ते इतकंच की विषय निवडणं ही बाब या देशात कधीच आवडीनिवडीची नव्हती. कोणी काय शिकायचं हे ठरवायचा हक्क ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. तेव्हा 'नाही' म्हणून दार लावायचे. आता दार उघडं ठेवतात आणि प्रेमानं खांद्याला धरून दुसऱ्या दाराकडं वळवतात. बाबासाहेबांना कळलं तरी की दार लावलंय. आमच्या पोरांना दोन वर्षांनी कळतं.

मला कळलं ते २०१० साली. मी २००८ ला अकरावी सायन्सला गेलो. तिथं कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटर सायन्स घे, जमाना कॉम्प्युटरचा आहे. मी हरखलो. दोनशे मार्कांचा विषय. तो घेतला की दुसरी भाषा जाते आणि एक ऐच्छिक विषय जातो, हे कुणी सांगितलं नाही. माझं मराठी गेलं आणि जीवशास्त्र गेलं. बारावीत मेडिकलच्या सी.ई.टी.चा फॉर्म भरायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "बायोलॉजी नाही? मग कशाला आलास?" मी फॉर्म घेऊन बाहेर आलो आणि रसवंतीच्या बाकावर बसलो. किती वेळ बसलो ते आठवत नाही. आज मी कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर आहे. दुसऱ्यांचे फॉर्म भरतो. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, साक्ष म्हणून सांगतोय. मला कुणी मारलं नाही, हाकललं नाही, अपमान केला नाही. फक्त एका चौकोनात एक खूण चुकली. ॲट्रॉसिटी कुणावर लावू?

म्हणून आता त्या चौकोनाचंच बोलतो. कंटाळवाणं वाटेल. वाटू द्या. घटनेची कलमं पाठ करता तशीच ही पाठ करा.

नीटच्या परीक्षेत २०२५ ला १८० प्रश्न होते. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीला एक वजा. एकूण ७२०, त्यातले निम्मे ३६० एकट्या जीवशास्त्राचे. म्हणजे जीवशास्त्र सोडलं तर विषयच संपला. आणि जीवशास्त्र हे पाठांतराला, चिकाटीला वश होणारं शास्त्र आहे. आपल्या पोरींना ते जमतं. पण आपली पोरं पडतात ती फिजिक्सला. दरवर्षी बघतो. जीवशास्त्रात अडीचशेच्या पुढं आणि फिजिक्समध्ये तीस. का? कारण गणित सोडलेलं असतं.

राज्य मंडळाचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक उघडा. दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे. सदिश, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन. गणित घेतलेल्या पोराला तेच वर्षभरात दुसऱ्या तासालाही भेटतं, हात बसतो. गणित सोडलेल्या पोरीला ते आठवडाभर दिसतं आणि गायब होतं. पुढं गती, दोलनं, विद्युत, सगळीकडं तेच भूत आडवं येतं. केमिस्ट्रीत पी.एच. काढायला लॉग लागतो, अभिक्रियेचा वेग काढायला लॉग लागतो. ज्याला लॉग टेबल बघता येत नाही तो केमिस्ट्रीतले हक्काचे मार्क सोडून येतो. आणि हे सर म्हणतात गणित सोडा, डॉक्टरला गणित कशाला लागतंय! डॉक्टरला लागत नसेल. डॉक्टर होण्याच्या परीक्षेला लागतं.

भूगोलाचं दुसरं सोंग. "मार्क पडत्यात." पडतात. पण कुठं मोजतात ते? एक काळ होता, नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत, बारावीच्या मार्कांवर मेडिकलची यादी लागायची. मग राज्याची सी.ई.टी. आली. मग २०१३ ला नीट आली, त्याच जुलैत सुप्रीम कोर्टानं ती मोडीत काढली, २०१६ ला तीच परत आणली, आणि २०२० पासून एम.बी.बी.एस.ला दुसरं दारच उरलं नाही. आता बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्याला ५० टक्के, आपल्याला ४० टक्के लागतात. इतकंच काम त्या बारावीचं. यादी लागते ती नीटच्या मार्कांवर. भूगोलात ९५ पडले काय आणि ५५ पडले काय, मेडिकलच्या यादीत त्याची किंमत शून्य. टेबलामागचे सर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या जगातला सल्ला देतायत. त्यांची स्वतःची पोरं कोणत्या शहरात, कोणत्या क्लासला आहेत ते विचारा. तिथं भूगोल सापडणार नाही.

गणित ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते सरळ पोटाचं आहे. ज्यांच्याकडं पैसा आहे त्यांची पोरं पहिल्यांदा हुकली तर वर्षभर रिपीट करतात, पुन्हा हुकली तर पुन्हा. आपल्या पोरीला एक संधी असते, फार तर दीड. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, जीवशास्त्र चारही असले की ती राज्याच्या सी.ई.टी.च्या दोन्ही गटांत बसू शकते. तिथं वजा मार्क नाहीत. मेडिकल हुकलं तर फार्मसी आहे, ॲग्री आहे, इंजिनिअरिंग आहे. गणित सोडलं की अर्धे रस्ते पंधराव्या-सोळाव्या वर्षीच बंद. पैसेवाल्यानं गणित सोडलं तर तो जुगार खेळतोय, खेळू द्या, त्याच्या खिशात आहे. आपण जुगार खेळायचा नाही. ओझं होईल हे मान्य. बोर्डाच्या गणितात नव्वद आणायची गरज नाही, पास व्हायचं आणि फिजिक्सला लागतं तेवढं घोटून घ्यायचं.

क्रॉप सायन्स वाईट नाही. ॲग्रीला जाणाऱ्यानं खुशाल घ्यावं. पण दोनशे मार्कांचा कुठलाही विषय घेताना विचारा, याच्या बदल्यात माझं काय जातं? लेखी विचारा. गणित जात असेल तर फिजिक्स लंगडं होणार. जीवशास्त्र जात असेल तर तो फॉर्म तिथंच फाडा. अन् ज्यांचं माझ्यासारखं गेलंय त्यांच्यासाठी सांगतो. २२ नोव्हेंबर २०२३ ला नॅशनल मेडिकल कमिशननं जाहीर केलं की बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेऊन पास झालेल्यालाही नीटला बसता येईल. माझ्या वेळी हे नव्हतं. आपल्या वस्तीत अशी किती पोरं असतील ज्यांना हे ठाऊकच नाही? आपण त्यांना निळा झेंडा दिला. ही बातमी का नाही दिली?

आता भाषा. दहावीपर्यंत सगळं मराठीत, आणि अकरावीला एका रात्रीत प्रकाशसंश्लेषणाचं फोटोसिंथेसिस होतं. पोरगी हुशार असते पण तीन महिने तिला कळतच नाही की हे आपल्याला आधीच येतं. त्या तीन महिन्यांत ती स्वतःला ढ समजायला लागते. हे मी बघितलंय. बाई वर्गात विचारतात, कळलं का, आणि ही मान हलवते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, म्हणून काही शहाणे म्हणतात मराठी निवडा. कशावर निवडा? नीटचे प्रश्न ज्या एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांवरून निघतात ती पुस्तकं इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघतात. कॉलेजात इंग्रजीत शिकवतात. मराठी प्रश्नपत्रिकेतली परिभाषा पोरीला पहिल्यांदा दिसते ती परीक्षेच्या दिवशी. आणि भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजीतला प्रश्नच खरा धरतात. हे मराठीचं प्रेम नाही, ही फसवणूक आहे. मराठीत परीक्षा घ्यायची तर मराठीत पुस्तक द्या, मराठीत शिकवा. तोवर मी माझ्या भाचीला सांगतो, इंग्रजीतच दे. मराठीत दुखणं ऐकून घे, मराठीत औषध सांग, पण परीक्षा इंग्रजीत दे.

आणि अकरावी म्हणजे आराम, हे जे पसरवलंय ना, ते आधी पुसा. नीटला अकरावी आणि बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम असतो. अकरावी झोपेत गेली की पेपरचा मोठा तुकडा गेला. पैसेवाल्याच्या पोराचं नाव गावातल्या कॉलेजात असतं आणि बूड लातूर, नांदेड नाहीतर कोट्यातल्या क्लासमध्ये. प्रॅक्टिकलचं जर्नल सही होऊन येतं. आपली पोरगी मात्र रोज सकाळी एस.टी.नं कॉलेजात येते आणि वर्ग रिकामा बघून माघारी जाते. सर येत नाहीत कारण पोरं येत नाहीत, पोरं येत नाहीत कारण सर येत नाहीत. या रिकाम्या वर्गावर मोर्चा काढला का कुणी? तहसीलवर काढतो आपण. तहसीलच्या पायऱ्या आपल्याला तोंडपाठ झाल्यात. कॉलेजाच्या प्रयोगशाळेला कुलूप आहे की नाही हे एकदा तरी जाऊन बघितलं का? बारा महिन्यांत तिथं बेडूक सोडा, कांद्याची साल तरी मायक्रोस्कोपखाली ठेवली का?

इथं आपले काही मित्र उसळून उठतील. मला त्यांची वाक्यं ठाऊक आहेत.

पहिला म्हणेल, नीटच मुळात ब्राह्मणी चाळणी आहे, ती रद्द करा, तिची तयारी कसली करता? बरोबर आहे, चाळणी आहे. तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातल्या अनिताचं नाव विसरू नका. हमालाची पोर, दलित. राज्य मंडळात १२०० पैकी ११७६. नीटमध्ये ८६. सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि १ सप्टेंबर २०१७ ला तिनं जीव दिला. त्यानंतर तमिळनाडू गप्प बसलं नाही. २०२० ला सरकारी शाळेतल्या पोरांसाठी साडेसात टक्के जागा काढल्या. न्यायमूर्ती राजन यांची समिती बसवली. समितीनं २०२१ ला सांगितलं की ही परीक्षा क्लास लावणाऱ्यांना, रिपीट करणाऱ्यांना, पैसेवाल्यांना झुकतं माप देते. विधानसभेनं नुसता ठराव नाही, विधेयक मंजूर केलं. दिल्लीनं ते अडवलं, तरी ते भांडतायत. महाराष्ट्रात काय झालं? फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात क्लासवाल्यांचे बोर्ड वाढले. तेव्हा नीटविरुद्ध लढा द्यायचा असेल तर मी पहिल्या रांगेत आहे. पण लढा निकालात निघेपर्यंत भाचीनं काय करायचं? भूगोल शिकायचा?

दुसरा म्हणेल, डॉक्टर होऊन कोण समाजाकडं वळलं? १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनीच सांगितलं की शिकलेल्यांनी मला धोका दिला. हो, सांगितलं. पण त्याच बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ ला व्हाइसरॉयला जे निवेदन दिलं ते वाचलंय का? त्यात त्यांनी स्वच्छ मांडलंय की कला आणि कायद्याच्या शिक्षणानं अस्पृश्यांचं फारसं भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं, आणि त्यासाठी सरकारनं दरसाल शिष्यवृत्त्यांचा पैसा द्यावा. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहितो! १९४४ पासून जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, जिच्यावर तुमचे-माझे बाप शिकले, तिचं मूळ तिथं आहे. आपण त्या शिष्यवृत्तीवर राज्यशास्त्रात एम.ए. झालो, सेट-नेटच्या रांगेत उभे राहिलो आणि विज्ञानाचं बाबासाहेबांचं वाक्य सोयीनं गिळलं. १९४६ ला त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते आर्ट्स आणि सायन्सचं. नुसतं आर्ट्सचं काढता आलं असतं. स्वस्तात झालं असतं.

आणि धोका देणारे फक्त डॉक्टरच असतात का? चळवळीतून आमदारकी मिळवलेल्यांची यादी काढू?

तिसरा, जो सगळ्यांत खरा आहे, तो विचारील, डॉक्टरच कशाला? सगळ्यांनी डॉक्टर व्हायचा हा पांढरपेशी रोग आपल्यात कशाला? याला मी बाजूच्या जिल्ह्यातनं उत्तर देतो.

शेवगावातनं गेवराईच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात बीड जिल्हा सुरू होतो. हद्दीवर पाटी आहे, माणसं एकच आहेत. तोच कोयता, तोच मुकादम, तीच उचल. २०१९ ला बोंब झाली की ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जातायत. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ बायांचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेरा हजार आठशे एकसष्ट. किती तरी चाळिशीच्या आतल्या. पांढरं जातंय म्हणून गेली, पोटात दुखतंय म्हणून गेली, डॉक्टर म्हणाला कॅन्सर होईल, काढून टाक. पाळीत खाडा पडला की मुकादम दंड लावतो, बाईनंही म्हटलं, टाक काढून. उचलीवर आणखी उचल. सहा महिन्यांनी तीच बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढतीय. या बायांत आपल्या किती, वंजाऱ्यांच्या किती, मराठ्यांच्या किती, मोजत बसत नाही. कोयत्याला जात विचारून धार येत नाही.

त्या खोलीत, त्या टेबलापलीकडं, कोयत्यावर गेलेल्या आईची एखादी पोर डॉक्टर म्हणून बसली असती तर? ती काय सगळ्या पिशव्या वाचवणार होती? नाही. पण तिला माहीत असतं की फडावर मोरी नसते, कापड धुवायला पाणी नसतं, आणि पांढरं जाणं हा कॅन्सर नसतो. गोळ्यांनी बरं होणारं दुखणं तिनं गोळ्यांनी बरं केलं असतं. सावित्रीबाईंनी यशवंताला डॉक्टर केलं ते हौसेनं नाही. १८९७ च्या प्लेगात माय-लेक दोघं रोग्यांत उभे होते आणि त्यातच १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. त्या ज्या अध्यापनाच्या शिक्षणासाठी गेल्या ते गाव आपलंच, नगर. मिस फरार यांची शाळा. इथनं सुरू झालेली गोष्ट आहे ही.

जातीनं आपला असून भागत नाही, हेही कबूल. २००६ च्या खैरलांजीत पहिलं शवविच्छेदन असं झालं की प्रेतं उकरून पुन्हा तपासावी लागली. त्या यंत्रणेत आपल्या जातीचे अधिकारीही होते, आनंद तेलतुंबडे यांनी ते लिहून ठेवलंय. म्हणून तर म्हणतो, डॉक्टर होणारी पोर चळवळीच्या हाताखालनं गेली पाहिजे, एकट्या क्लासच्या हाताखालनं नाही. पण चळवळीला फिजिक्स येत नसेल तर ती पोर चळवळीजवळ कशाला थांबेल?

मेरिटवाल्यांचं फार सांगत नाही, त्यांना आपण रोज उत्तर देतो. एवढंच लक्षात ठेवा. आपल्या ४० पर्सेंटाइलवर थुंकणाऱ्या याच व्यवस्थेनं २०२३ ला एम.डी., एम.एस.च्या जागा रिकाम्या राहायला लागल्यावर पात्रतेची रेघ सगळ्यांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. शून्य! तेव्हा मेरिटची पूजा करणारे पुजारी कुठं गेले होते? खासगी कॉलेजाच्या एन.आर.आय. कोट्यातनं आलेल्याला वॉर्डात कुणी विचारत नाही, तुझी रँक किती. पायल तडवीला विचारत होते. मुंबईत, नायर हॉस्पिटलच्या कॉलेजात, २०१९ च्या मे महिन्यात ती गेली तेव्हा ती एम.बी.बी.एस. झालेली डॉक्टर होती. माझ्या भाचीला हे सांगावं का, यावर मी आणि आक्का रात्रभर बोललो. आक्का म्हणाली, "सांग. उसातला साप दावल्याबिगर का उसात पाठवावं?" सांगितलं.

दोस्तांनो, २०१४ ला खर्ड्यात नितीन आगेला मारलं. सतरा वर्षांचा पोरगा, आपल्याच जिल्ह्यातला. आपण रस्त्यावर आलो. यायलाच पाहिजे होतं. २०१७ ला आरोपी सुटले, पुन्हा आलो. पण मेलेल्या पोरासाठी जिल्हा बंद करणारे आपण, जित्या पोराचा विषयाचा फॉर्म भरायला अर्धा तास देत नाही. दहावीचा निकाल लागला की सत्कार करतो. हार, पेढा, फुल्यांचं चरित्र, फोटो. फोटोत आपण मधे. दुसऱ्या दिवशी पोरगी एकटी कॉलेजात जाते आणि टेबलामागचा माणूस म्हणतो, भूगोल घ्या.

सत्कार बंद करा. त्या पैशात एन.सी.ई.आर.टी.चे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे संच घ्या आणि वस्तीतल्या विहारात ठेवा. विहाराला संध्याकाळी सातनंतर कुलूप लावू नका, तिथली ट्यूब चालू ठेवा. जातपडताळणीचा अर्ज पोरगी अकरावीत असतानाच घाला. १९५० च्या आधीचा पुरावा शोधायला आज्याच्या शाळेत जावं लागतं, शाळा पडलेली असते, दाखल्यावर नाव वेगळं असतं, वर्ष जातं त्यात. दहावीला ७५ टक्क्यांच्या वर असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची महिना ३०० रुपयांची शिष्यवृत्ती असते. ३०० रुपयांत काय येतं म्हणून हसू नका, एस.टी.चा पास येतो. हॉस्टेलला नंबर नाही लागला तर २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे. हे सगळं सांगणारा माणूस वस्तीत पाहिजे. भाषण करणारे आहेत पुरेसे.

भाचीचं काय झालं ते सांगतो. मी त्या सरांना म्हणालो, इंग्रजी, मराठी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, जीवशास्त्र. असंच लिहा. ते म्हणाले, "पोरीवर लोड येईल हो." मी काही बोलायच्या आत दाजी बोलले. तोवर ते दाराजवळ टोपी हातात धरून उभे होते, खुर्ची असून बसले नव्हते. म्हणाले, "सायेब, गणित असू द्या. मुकादमाचा हिशोब आमाला आजून कळला न्हाई. घरात एकाला तरी यावं."

सरांनी लिहिलं.

दहावीचा पुढचा निकाल लागेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून मी स्टँडजवळच्या त्या नेट कॅफेसमोर बाक टाकून बसणार आहे. आठवडाभर रजा टाकतोय, पगार कापला तर कापला. येणाऱ्या प्रत्येक पोराचा विषयाचा फॉर्म बघायचा, बदल्यात काय जातंय ते सांगायचं, आणि ज्याला गरज आहे त्याच्याबरोबर कॉलेजात टेबलापर्यंत जायचं. एकट्याचं काम नाही. ज्याला फिजिक्स येतं त्यानं यावं, ज्याला लॉग टेबल शिकवता येतं त्यानं यावं. नर्सिंगच्या, फार्मसीच्या पोरींनी तर यावंच. ज्यांना नुसतं भाषण येतं त्यांनी चहा आणावा.